स्टॉल, खोप आणि रापणीची जागा : वाचकांचे प्रश्न

गणपती आटोपले की दसऱ्याच्या आत किनाऱ्यावरच्या टपऱ्या पुन्हा उभ्या राहतात आणि त्यांच्या मागोमाग नोटिसा निघतात. त्यामुळे या अंकासाठी आलेल्या टपालात पुळणीवरचीच पत्रं जास्त होती. वाटणीपत्रं आणि पोटहिस्से पुढच्या खेपेला घेऊ. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोटीस कशी निघते, पंचनामा कुठे बसून लिहितात आणि कोणता कागद पुढे आला की साहेब हात आखडता घेतात, हे आतून पाहिलेलं आहे. मी वकील नव्हे. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर वकील धराच.

प्रश्न : माझा पुळणीवर चहा, सोलकढी आणि शहाळ्यांचा स्टॉल आहे. वडिलांनी १९९८ मध्ये सुरू केला. ग्रामपंचायत दरवर्षी कर घेते, पावत्या जपून ठेवल्या आहेत. आता 'किनारा सुशोभीकरण' मंजूर झालं म्हणून तहसीलदारांची नोटीस आली आहे : सात दिवसांत अतिक्रमण काढा, अन्यथा कलम ५३ नुसार कारवाई. शेजारच्या रिसॉर्टचं कुंपण वाळूत उतरलंय, त्याला कुणी विचारत नाही. मी काय करू? — एक स्टॉलधारक, मालवण तालुका

आधी नोटीस शांतपणे वाचा आणि 'कलम ५३' या शब्दांच्या मागेपुढे कोणत्या कायद्याचं नाव आहे ते बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ५३ आहे सरकारी जागेवरून अनधिकृत कब्जेदाराला काढण्याचं. प्रादेशिक व नगररचना अधिनियमही १९६६ चाच, त्याचंही कलम ५३, आणि ते विनापरवाना बांधकामाचं. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५३ रस्त्यांवरच्या आणि मोकळ्या जागांवरच्या अडथळ्यांचं. आकडा एकच, पण अधिकारी वेगळे आणि दाद मागायच्या वाटाही वेगळ्या. ग्रामपंचायतीची नोटीस घेऊन तहसीलदारांच्या दारात महिना घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. तोवर इकडे जेसीबी येऊन गेलेला असतो.

तुमची नोटीस तहसीलदारांची आहे, म्हणजे बहुधा महसूल संहितेची. त्या कलमात पोटकलम (१-अ) आहे. कब्जेदाराला काढण्याआधी त्याचं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची, गरज असेल तर संक्षिप्त चौकशी करायची आणि कारणं लिहून ठेवायची, असं त्यात आहे. 'सात दिवसांत काढा' एवढंच लिहून ही पायरी गाळता येत नाही. तेव्हा सात दिवस रडण्यात आणि पुढाऱ्याच्या ओसरीवर घालवू नका. दुसऱ्याच दिवशी लेखी उत्तर द्या. त्यात मला सुनावणी द्या, मोजणी माझ्यासमोर करा आणि माझा स्टॉल भरतीरेषेपासून किती मीटरवर आहे ते पंचनाम्यात नोंदवा, एवढं मागा. उत्तराच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. 'ठेवा इथे, साहेब बघतील' म्हणून घेतलेला कागद पुढे कधी सापडत नाही.

आता पंचनाम्याचं बोलतो. माझ्या मते सगळी लढाई इथेच आहे. पंचनामा कसा लिहिला जातो ते सांगतो. जीप सुरूच्या सावलीत उभी राहते, कोतवाल दोन ओळखीची माणसं पंच म्हणून आणतो, आणि लिहिलं जातं, 'वाळूवर लोखंडी पाइप व हिरव्या जाळीचे अंदाजे १० बाय १२ फुटांचे तात्पुरते शेड आढळून आले.' संपलं. शेड कुणाचं, किती वर्षांचं, आत फ्रीज आहे की नाही, त्यावर किती माणसांची चूल पेटते, यातलं काही नाही. याहून वाईट प्रकार पावसाळ्यात होतो. सुशोभीकरणाचा आराखडा करणारी सल्लागार मंडळी जुलैत येतात. तेव्हा तुम्ही शेड उतरवून पाइप घरी नेऊन ठेवलेले असतात, कारण उधाणात ते राहणारच नाहीत. आराखड्यात मग तिथे 'रिक्त जागा' येते. पुढे कुणी पुनर्वसनाची यादी केलीच तर तुम्ही त्या यादीत नाही, कारण नकाशावर तुम्ही नव्हताच. वीस वर्षं धंदा केलेला माणूस एका ओल्या दुपारी कागदावरून पुसला जातो.

म्हणून पंचनाम्याला हजर राहा. फ्रीज, मीटर क्रमांक, पावत्यांचे क्रमांक, कामाला असलेल्यांची नावं त्यात घालायला लावा. घालत नसतील तर सही करताना सहीखाली 'खालील बाबी नोंदवल्या नाहीत' असं तुमच्या हाताने लिहा. तो तुमचा हक्क आहे. कोरी सही मात्र करू नका. आणि दर पावसाळ्याआधी, शेड उतरवायच्या दिवशी, ग्रामपंचायतीला साधं पत्र द्या की हंगाम संपल्याने स्टॉल तात्पुरता काढत आहे, अमुक महिन्यात पुन्हा लावणार आहे. पोच घ्या. हसू नका, ही पोच पुढे सोन्याच्या भावाची ठरते.

तुमच्या पावत्यांबद्दल स्पष्टच सांगतो. कर घेतला म्हणजे जागा दिली असं होत नाही. कराच्या उताऱ्याने मालकी सिद्ध होत नाही. त्या पावत्यांचा उपयोग एकच, पण तो मोठा आहे. काळ सिद्ध होतो. १९९८ पासून तुम्ही तिथे आहात आणि पंचायतीला ते माहीत होतं, हे नंतर कुणाला नाकारता येत नाही.

'सीआरझेडमुळे इथे काहीच चालत नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. या शेवटच्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर, अगदी ना-विकास पट्ट्यातसुद्धा, तात्पुरत्या पर्यटन सुविधा चालतात असं लिहिलेलं आहे. शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, पिण्याचं पाणी, बसायची सोय, आणि हो, पेव्हर ब्लॉकच्या पायवाटासुद्धा! दिल्लीच्या अधिसूचनेत पेव्हर ब्लॉक आहे, यावर विश्वास बसत नसेल तर वाचून बघा. अट अशी की भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर हवं आणि किनारा प्राधिकरणाची परवानगी हवी. म्हणजे तुमचा स्टॉल तात्पुरता असेल, जागा ग्रामीण वर्गात पडत असेल आणि १० मीटरच्या मागे असेल, तर 'प्रकारच बेकायदा' हे खरं नाही. तुमच्याकडे परवानगी नाही, एवढंच खरं. ती मागणारा अर्ज आजच द्या आणि त्याची प्रत नोटिशीच्या उत्तराला जोडा. सुशोभीकरणाची पायवाट आणि तुमची टपरी, दोघी एकाच परिच्छेदाच्या आधाराने उभ्या राहतात, हे सुनावणीत आवर्जून बोला.

फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी तुम्हाला तो दाखवीलच. कायदा चांगला आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही, आणि हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस, असं तो म्हणतो. पण तो महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, छावणी अशा शहरी भागांचा कायदा आहे. तुमचा किनारा ग्रामपंचायतीत येतो. त्यामुळे मालवण शहराच्या हद्दीतला भेळवाला या छत्रीखाली येतो आणि हद्दीच्या खांबापलीकडचा तुमच्यासारखा माणूस उन्हात राहतो. कोकणचे बहुतेक गाजलेले किनारे ग्रामपंचायतींतच आहेत, आणि ही फट बुजवायला आजवर कुणी फारसं मनावर घेतलेलं नाही. त्याचप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा 'बुलडोझर' निकाल. त्यात १५ दिवसांची नोटीस सांगितली आहे, पण रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशयालगतच्या सार्वजनिक जागेवरची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली आहेत. तुमच्यासमोर नेमकी तीच ओळ वाचून दाखवतील. तेव्हा त्या निकालावर सगळा भार टाकू नका, महसूल संहितेच्या सुनावणीवर टाका.

आदेश विरोधात गेलाच तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील, आणि त्याच दिवशी स्थगितीचा वेगळा अर्ज. नुसतं अपील दाखल झाल्याने जेसीबी थांबत नाही.

राहता राहिलं रिसॉर्टचं कुंपण. त्याचा राग तुमच्या उत्तरात घालू नका. 'त्याचं काढा, मग माझं काढा' म्हणणाऱ्याला अधिकारी मनातल्या मनात गुन्हा कबूल केलेला समजतो. ती तक्रार वेगळ्या कागदावर, फोटो आणि गट क्रमांकासह, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि किनारा प्राधिकरणाकडे द्या. शक्यतो दुसऱ्या कुणाच्या सहीने.

प्रश्न : तुम्ही गेल्या दोन अंकांत टपरीवाल्यांची बाजू घेतलीत. आम्ही वर्षातून तीनदा कोकणात येतो. प्लास्टिक, खरकटं, जागा अडवून बसलेले लोक. सरकारी जागेवरचं अतिक्रमण ते अतिक्रमण. कायदा सगळ्यांना सारखा नको का? — एक वाचक, पुणे

सारखाच हवा. कचऱ्याबद्दल तुमच्याशी भांडण नाही. शहाळ्याच्या करवंट्या आणि चहाचे कप वाळूत पुरणारा धंदेवाला स्वतःच्याच पोटावर पाय आणतो, आणि ते त्याला सुनावायला मी कमी करत नाही. पण ज्या किनाऱ्यावर शनिवारी हजारो माणसं उतरतात तिथे शौचालयं दोन, त्यातल्या एकाला कुलूप. हा दोष टपरीचा नाही.

आता सारखेपणाचं. इंदिरा गांधींनी १९८१ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारे मोकळे ठेवा असं सांगितलं, तिथून हा सगळा कायदा निघाला. तो कुणासाठी किती वेगाने चालतो ते बघा. अलिबागजवळ किहीमला एका फरार हिरे व्यापाऱ्याचा बंगला किनारा नियम मोडून उभा होता. उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं याचिका चालली, आणि मालक बँक घोटाळ्यात देशाबाहेर पळाल्यावर, २०१९ च्या मार्चमध्ये तो सुरुंग लावून पाडला. केरळात मरडूचे बहुमजली इमले सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेकायदा ठरवले, जानेवारी २०२० मध्ये ते जमीनदोस्त झाले. तिथल्या फ्लॅटधारकांना न्यायालयाने २५ लाख रुपयांपर्यंतची अंतरिम भरपाई देववली. ती देववली ते योग्यच झालं, त्यांनी बिल्डरवर विश्वास ठेवला होता. पण याच कायद्याखाली टपरी हटते तेव्हा भरपाई हा शब्दही कुणी उच्चारत नाही, आणि हटवायला वर्षं नव्हे, एक सकाळ पुरते.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंका सरकारने किनाऱ्यापासून दक्षिणेत १०० आणि उत्तर-पूर्वेत २०० मीटरपर्यंत घरं बांधायला बंदी केली. कारण सुरक्षिततेचं. मच्छीमारांना आत, समुद्रापासून लांब जागा दिल्या. हॉटेलांना मात्र त्याच पट्ट्यात सवलत मिळाली. लाट आली तर ती खोली भाड्याची आहे की राहती, हे बघून येणार होती का?

तुम्ही कोकणात येत राहा. 'येवा, कोकण आपलाच असा' ही पाटी तुमच्यासाठीच लावलेली आहे. फक्त पुढच्या वेळी ज्या माणसाकडून शहाळं घ्याल त्याला विचारा की तो किती वर्षांपासून तिथे बसतो. उत्तर बहुधा तुमच्या हॉटेलच्या वयापेक्षा मोठं निघेल.

प्रश्न : आमची आजी सुरूच्या बनाच्या कडेला खोपीत राहते. आजोबा रापणीवर (पुळणीवरून ओढायच्या जाळ्यावर) जायचे, त्यांनीच ती बांधली. आता मातीच्या भिंती आणि पत्रे आहेत, लाइट आहे. सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन'. मागच्या जमिनी एका कंपनीने घेतल्या आहेत आणि त्यांचा माणूस येऊन सांगतो, दोन लाख घ्या, स्टँपपेपरवर सही करा, नाहीतर सरकार फुकट काढेल. आजी म्हणते, 'माका खंय जावचा नाय.' — एक नात, वेंगुर्ला तालुका

सही करू नका. आजीला माझा नमस्कार सांगा आणि हे पहिलं वाक्य तिला वाचून दाखवा.

जागा सरकारची असेल तर त्या कंपनीला तुम्हाला उठवायचा काडीचा अधिकार नाही. पैसे देऊन सही मागतात याचाच अर्थ त्यांना तुमची अडचण वाटते. बहुधा त्यांच्या जमिनीला समुद्राकडे वाट तुमच्याच खोपीशेजारून निघते. त्या स्टँपपेपरवर काय असेल तेही सांगतो : 'सदर जागेवर आमचा कोणताही हक्क नाही व नव्हता, आम्ही स्वखुशीने जागा रिकामी करत आहोत.' ही ओळ एकदा लिहून दिली की पुढे कुठल्याही योजनेत, कुठल्याही यादीत तुमचं नाव घेता येत नाही. दोन लाखांत तालुक्याच्या गावात एक गुंठाही येत नाही.

आता दोन गोष्टी तपासा. पहिली, ते सुरूचं बन वनखात्याकडे आहे की नुसतं महसूल खात्याच्या जागेवर लावलेलं. 'इतर हक्क' रकान्यात किंवा फेरफारात 'वन' शब्द असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो आणि वाट फार अरुंद होते. दुसरी, भरतीरेषेपासूनचं अंतर. २०११ च्या अधिसूचनेतच १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमार आणि इतर पारंपरिक किनारी समाजांना राहतं घर बांधायची, पुन्हा बांधायची मुभा ठेवली होती. आजोबा रापणकर होते हे सिद्ध करणारा कागद शोधा. मच्छीमार सोसायटीचा सभासद दाखला, रापण संघाची वही, जे मिळेल ते.

पुरावे जमवताना माणसं नेहमी मोठ्या कागदाच्या मागे लागतात आणि लहान हातचे सोडतात. आजीच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा, त्यावर पत्ता असतो. जुन्या मतदारयाद्या निवडणूक शाखेत मिळतात. विजेचं पहिलं बिल, जुनं रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, देवीच्या वर्गणीची पावतीसुद्धा चालते. एक कागद काही सांगत नाही, पण दहा वेगवेगळ्या ठिकाणचे कागद एकच पत्ता सांगू लागले की ते फेटाळणं जड जातं.

यापुढे एक फाटा आहे आणि इथे बहुतेक जण फसतात. कुणीतरी वकील सांगेल की सरकारी जागेवर ३० वर्षं ताबा झाला म्हणजे जागा तुमची, दावा टाकू. मुदत कायद्यात ३० वर्षांचा आकडा आहे हे खरं. पण न्यायालयं नुसत्या ताब्यावर भुलत नाहीत. सरकारच्या मालकीला उघड आव्हान देऊन, अखंड ताबा ठेवला होता हे दाखवावं लागतं. दुसरी वाट महसूल संहितेच्या कलम ५१ ची. त्यात जिल्हाधिकारी जागेच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम आकारून अतिक्रमण नियमित करून देऊ शकतात. पण तिथे अर्ज करताना 'जागा शासनाची आहे' हे तुम्ही कबूल करता, आणि मग पहिल्या वाटेचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेता. दोन्ही एकदम करणारे लोक दोन्हीकडून बाद होतात. आजीचं वय आणि घरची ऐपत बघता माझं मत नियमितीकरणाच्या बाजूचं आहे. ते 'मिळतं' असं नाही, 'मिळू शकतं'. किनारा नियमनात जागा बसली पाहिजे ही अट वर आहेच.

मुंबईच्या पदपथावरच्या लोकांचा ओल्गा टेलिस खटला तुम्ही ऐकला असेल. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं मान्य केलं. पण त्याच निकालाने पदपथ रिकामे करायलाही परवानगी दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. व्यासपीठांवर पहिला अर्धा सांगतात, दुसरा गाळतात. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा.

वकिलाच्या पैशाची काळजी नको. तालुका विधी सेवा समितीकडून महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज आजीच्या नावाने करा.

प्रश्न : मी मूळचा विजापूरचा. अलिबागकडच्या एका किनाऱ्यावर सतरा वर्षं भेळ विकतो. आता गाडे 'फक्त स्थानिकांना' देणार म्हणतात. आम्ही कुठले? — एक भेळवाला

कडू उत्तर आहे. राज्य सरकारच्या २०२० च्या शॅक धोरणात ८० टक्के जागा स्थानिकांना ठेवल्या, आणि मला ते तत्त्व म्हणून पटतं. बाहेरचा पैसेवाला येऊन गावाच्या तोंडचा घास काढू नये यासाठी ते आहे. पण ही चाळणी पैसेवाल्याला अडवत नाही. तो गावातल्या पोराच्या नावाने अर्ज भरतो आणि गल्ल्यावर स्वतः बसतो. अडकता तुम्ही. गोव्यातही हेच दुखणं आहे : शॅकचे परवाने गोवेकरांना सोडतीने मिळतात, चालवतो भलताच. त्याच गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरच्या झोपड्या २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसात पाडल्या, तेव्हा रस्त्यावर आलेल्यांत तुमच्या मुलखातली माणसं पुष्कळ होती. 'बाहेरचे' म्हटलं की पावसाळ्याचीही वाट बघायची गरज उरत नाही.

तुम्हाला करण्यासारखं एकच आहे. सतरा वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास कागदावर दाखवता आला तर अधिवास दाखल्याला तुम्ही पात्र आहात, त्याला १५ वर्षं लागतात. भाडेपावत्या आणि मुलांचे शाळेचे दाखले जोडून सेतू केंद्रात अर्ज करा. तो आळस करू नका. मुंबई महापालिकेकडे २०१४ च्या सर्वेक्षणात फेरीवाल्यांचे सुमारे ९९ हजार अर्ज आले, सुरुवातीला पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास. कितीजण नुसत्या अधिवासाच्या कागदावर गळाले ते तिथल्या संघटनांना विचारा.

प्रश्न : आमच्या रापण संघाची पुळणीवर दोर ओढायची जागा ठरलेली आहे. आता तिथे हॉटेलवाल्यांच्या आरामखुर्च्या आणि वॉटर स्पोर्टच्या बोटी. आम्ही जाळं लावलं की पर्यटक शूटिंग करतात आणि हॉटेलचा मॅनेजर 'बाजूला घ्या' सांगतो. जागा आमची असा कागद कुठे मिळेल? — एक रापणकर

असा कागद आज नाही, तो तयार करावा लागेल. रापण म्हणजे काय हे कार्यालयात बसलेल्याला माहीत नसतं. जाळं समुद्रात वेढा घालून टाकायचं, दोन टोकांचे दोर पुळणीवर आणायचे आणि तीस-चाळीस माणसांनी पावलापावलाने मागे सरत ओढायचं. या मागे सरण्याला जागा लागते. दोन टोकं लांबून सुरू होऊन हळूहळू जवळ येतात, म्हणून लांबीही लागते. ओढणाऱ्या माणसाची पाठ आरामखुर्चीला लागली की रापण थांबते आणि वेढ्यातली मासळी सुटते. हे तुमच्या अर्जात असंच, साध्या शब्दांत लिहा. 'पारंपरिक व्यवसायाला बाधा' असं लिहिलंत तर ती फाइल तशाच शंभर फायलींत जाऊन पडेल.

आधार आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक वापराच्या जागा, मासळी सुकवायची खळी, जेटी, बर्फाचे कारखाने हे सगळं गावनकाशाच्या मापात दाखवलं पाहिजे, असं २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट होतं. तुमच्या जिल्ह्याच्या आराखड्यातला तुमच्या गावाचा नकाशा काढून बघा. ऑनलाइन न मिळाल्यास माहिती अधिकारात मागा, ३० दिवस लागतील. बहुतेक ठिकाणी देऊळ दिसतं, शाळा दिसते, रापणीची जागा कोरी वाळू म्हणून दिसते.

मग ग्रामसभा. ठरावात 'मच्छीमारांना जागा द्यावी' असली मोघम भाषा नको. उत्तरेला अमुक ओहोळ, दक्षिणेला अमुक दगड, एवढी लांबी, भरतीरेषेपासून मागे एवढी रुंदी, हंगाम अमुक ते अमुक, असं लिहा. मोबाइलवर दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश काढून घाला, संघातली तरुण पोरं पाच मिनिटांत करतील. तलाठ्याला सोबत नेऊन हातनकाशा करून घ्या. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अजूनही तलाठी म्हटल्याशिवाय तो मागे वळून बघत नाही.

हा ठराव तीन ठिकाणी द्यायचा. मत्स्य व्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात. मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात, कारण वॉटर स्पोर्टचे परवाने तिथून निघतात आणि परवान्यात 'रापणीच्या हद्दीत बोट लावू नये' ही अट घालून घेता येते. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारा समितीकडे. या समितीत स्थानिक पारंपरिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत असा नियम आहे. ते तिघे तुमच्या जिल्ह्यात कोण आहेत ते आधी विचारा. नावं मिळाली तर त्यांच्या घरी जा, आणि 'अजून नेमणूक व्हायची आहे' असं उत्तर आलं तर रापण संघाच्या लेटरहेडवर तुमच्या माणसाचं नाव सुचवणारं पत्र त्याच खिडकीत देऊन या.

मॅनेजरशी वाद घालू नका. तो पगारी माणूस आहे, उद्या दुसरा येईल. दोर ओढायच्या दिवशी सकाळी पोलीस पाटलांना आगाऊ सांगून ठेवा, आणि खुर्च्या हलवायला लागल्या तर त्या हलवण्याआधीचा फोटो काढा, वेळ दिसेल असा.